सातकर सर आणि न जुळलेल्या पेशी

सातकर सर निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने त्यांचा गौरव अंक काढायचं ठरवलं. माझ्याकडेही लेख मागितला. मी दिला नाही. का, म्हणून विचारलं तर 'वेळ नाही' असं सांगितलं. वेळ होता. गौरव करावा असं काही सापडेना.

अंक निघाला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर सर मायक्रोस्कोपवर वाकलेले. तो फोटो मीच काढलेला. काढला तेव्हा मायक्रोस्कोपचा दिवा बंद होता आणि खाली काचही नव्हती. "खालून उजेड आला की गाल बसल्यासारखे दिसतात," असं सरांचं म्हणणं. आत बऱ्याच जणांनी लिहिलंय. कुणी त्यांना ऋषी म्हटलंय, कुणी दीपस्तंभ. एका माजी विद्यार्थ्याने 'स्नायूंचे शिल्पकार' म्हटलंय. तो सध्या व्यायामशाळा चालवतो.

मी सरांच्या हाताखाली काही वर्षं काढली. मला जे दिसलं ते इथं लिहितो.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढं कुणाला प्रश्न नको. मी दौंड तालुक्यातला, वरवंडजवळच्या वस्तीवरचा. आज्याचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. वडलांनी मेंढरं विकून विहीर पाडली आणि एका जागी बसले. त्या घरातला पहिला पदवीधर मी. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. हे सांगताना मी लाजत नाही आणि उगाच नम्रही होत नाही. ज्याने कष्टाने मिळवलंय त्याने नम्र का व्हावं, हे मला अजून कळलेलं नाही. शिरूरच्या कॉलेजात सरांच्या संशोधन प्रकल्पावर सहायक म्हणून माझी निवड झाली, तेव्हा आईने वस्तीवर पेढे वाटले. 'ल्योक शास्त्रज्ञाकडं हाय,' असं ती सांगायची. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

सातकरांचं घर बागायतदार. चुलते पतसंस्थेत, भाऊ सोसायटीत, मेहुणे कुठल्यातरी समितीवर. घरात सगळे निवडून आलेले, सर तेवढे परीक्षा देऊन आलेले. पुण्यात पीएच.डी. केली, मग दोन वर्षं परदेशात होते. देशाचं नाव ते घेत नसत. 'तिकडं' म्हणत. "तिकडं चहा असा नसतो." "तिकडं भिंतीवर कुणी थुंकत नाही." "तिकडं माणूस वेळेवर येतो." हे शेवटचं वाक्य ते तासाला उशिरा येऊन म्हणत.

पांढरा कोट त्यांच्या अंगावर कायम असे. फक्त लॅबमध्ये नसे. तिथं उकडतं म्हणून ते तो काढून खुंटीला लावत आणि बाहेर पडताना पुन्हा चढवत. कोट घालून ते बँकेत जात, लग्नाला जात. एकदा तहसील कचेरीत एका म्हातारीने त्यांना डॉक्टर समजून गुडघा दाखवला. सरांनी तो दाबून बघितला आणि "तेल लावा" म्हणून सांगितलं.

विद्यार्थ्यांची नावं ते लक्षात ठेवत नसत. गावाच्या नावाने हाक मारत. मी 'वरवंड'. माझ्या आधीचा सहायक 'न्हावरा'. एकाच गावचे दोघे असले तर 'मोठा पाबळ' आणि 'धाकटा पाबळ'. पाहुण्यांची नावं मात्र पदासकट पाठ. कोण कुठल्या संस्थेत उपाध्यक्ष आहे आणि कोण नुसता सदस्य, यात त्यांची चूक झालेली मी बघितली नाही.

विषय स्नायू. "स्नायू खोटं बोलत नाही," हे त्यांचं वाक्य. वर्गात, व्याख्यानात, साखरपुड्यात, कुठंही म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

एक गोष्ट मान्य करायला हवी. त्यांचा हात. बी.एस्सी.च्या पोरांना दाखवायला कोंबडीचा ताजा पाय आणायचो. सर छोट्या चिमट्याने मांडीतली मज्जातंतूची शीर अशी मोकळी करत, की बघणारा श्वास धरून बसे. मग साध्या सेलची तार शिरेला टेकवत, आणि तो तुटलेला पाय बोटं आवळून घेई. पोरी किंचाळत. सर मागे वळून न बघता म्हणत, "कोंबडी गेली. स्नायूला अजून कळवलेलं नाही." हे त्यांच्याइतकं सुंदर करणारा माणूस मी पुढं बघितला नाही. पण वर्षातून एकदाच करत, आणि त्या दिवशी प्राचार्यांना किंवा कुणा पाहुण्याला बोलावलेलं असे.

स्नायू त्यांनी कुठं नेऊन ठेवला होता, ते त्यांच्या गावच्या यात्रेत बघितलं. बैलगाड्यांच्या शर्यती होत्या, एकेक गाडा घाटातून, म्हणजे चढत्या धावपट्टीवरून, आपली बारी पळणार. स्टेजवर माईक सरांच्या हातात. गाडा जुंपला की सर सुरू. "डावीकडच्या बैलाची मांडी बघा. इथं जलद तंतूंचं प्रमाण जास्त आहे. हे तंतू दमतात लवकर, पण सुटतात बाणासारखे. शास्त्र सांगतं, ही बारी याची."

गाडामालक बाळूआप्पा खालून ओरडले, "सर, तंतू-बिंतू ऱ्हाऊ द्या. पळंल का न्हाई तेवढं सांगा."

"आप्पा, स्नायू खोटं बोलत नाही. पळणारच."

बारी सुटली. बैल बाणासारखा सुटला, हे खरं. अर्ध्या घाटात गेला, थांबला आणि निवांत मुतला. गाड्याला जुंपलेल्या बाकीच्या बैलांनी ओढाओढ केली, पण तो आपलं काम उरकूनच हलला. सगळा घाट हसत होता. बाळूआप्पा फेटा काखेत मारून स्टेजखाली आले.

"सर, मांडीतलं सगळं दिसलं तुमाला. मूतपिशवीतलं न्हाई दिसलं व्हय?"

सरांनी माईकवर हात ठेवला नाही. शांतपणे म्हणाले, "बैलाने सहकार्य केलं नाही."

मीही हसलो. माणूस गमतीचा आहे असं मला वाटलं. पुढं प्रकल्पाच्या वार्षिक अहवालात 'पेशींनी अपेक्षित प्रतिसाद दिला नाही' असं वाक्य त्यांनी मला लिहायला लावलं, तेव्हा हसू आलं नाही.

प्रकल्प असा होता. शेळीच्या मांडीतल्या स्नायूपेशी वेगळ्या काढायच्या, काचेसारख्या स्वच्छ प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवायच्या आणि त्यांचे तंतू तयार करायचे. कागदावर सोपं आहे. मी सकाळी यवतला खाटकाकडं जायचो, नुकत्या कापलेल्या शेळीच्या मांडीचा बोटाएवढा तुकडा थर्मासात बर्फावर ठेवायचो आणि चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्याने शिरूर गाठायचो. खाटीक रोज म्हणायचा, "एवढ्यात तुमच्या सायबाचं कालवण कसं व्हतं रं?"

त्या तुकड्यातून पेशी सुट्ट्या करून गुलाबी द्रावणात सोडल्या की त्या डिशला चिकटतात आणि वाढतात. डिश भरत आली की त्यांचं खाणं एकदम कमी करायचं. उपाशी ठेवायच्या. भरल्या पोटी या पेशी नुसत्या वाढत राहतात. उपाशी पडल्या की एकमेकींच्या शेजारी रांगेत येतात, एकमेकींत मिसळतात आणि त्यांचा एक लांब तंतू होतो. सगळं जमलं तर तो तंतू काही दिवसांनी आपला आपण हलतो. कुणी तार टेकवावी लागत नाही.

पण उपाशी ठेवायचा दिवस चुकला की संपलं. कारण मांसाच्या तुकड्याबरोबर दुसऱ्याही पेशी येतात, जोडणाऱ्या ऊतींच्या. त्या गाजरगवतासारख्या माजतात. दोन दिवस दुर्लक्ष झालं की डिशभर त्याच. त्या जुळत नाहीत, हलत नाहीत, नुसत्या पसरतात.

तर हे सगळं ज्या पेटीत वाढतं तो इन्क्युबेटर कॉलेजात आला, तेव्हा त्याची पूजा झाली. नारळ पेटीच्या दारातच फोडला. पाणी आत उडालं. पहिल्या डिशना बुरशी आली ती नारळाच्या पाण्याची की हळदी-कुंकवाची, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

आमच्या भागात नवी वस्तू आली की दाखवायची असते. ट्रॅक्टर आला की पाहुण्यांना त्यावर बसवून बांधापर्यंत फिरवून आणतात. त्यात वाईट काही नाही. बघितल्याने ट्रॅक्टर मरत नाही. सरांनी इन्क्युबेटरचा ट्रॅक्टर केला. कॉलेजात कुणीही आलं, सरपंच, बाजार समितीचे सभापती, कुणाचे व्याही, की सर त्यांना घेऊन थेट लॅबमध्ये. चपला बाहेर काढायला लावत, म्हणजे देवळात आल्यासारखं वाटे. मग पेटीचं दार उघडून सगळ्यांना आत वाकायला सांगत.

एकदा साखर कारखान्याचे एक संचालक आले. त्यांनी डोकं जवळजवळ आतच घातलं.

"सर, ह्याच्यात मटान वाढतंय म्हनं?"

"वाढतंय की, संचालकसाहेब."

"मंग रस्सा कवा?"

सगळे हसले. सर सगळ्यात जास्त. संचालकांनी डिशवरून हात फिरवला. "आत झकास उबारा हाय बघा. आमच्या पोल्ट्रीच्या पिल्लांना असलाच पायजे." मग शिंकले. सरांनी त्यांना रुमाल दिला. त्या डिश दोन दिवसांत दह्यासारख्या झाल्या.

शिवाय सरांचा एक नियम होता. पेशी उपाशी ठेवायचा दिवस तेच ठरवणार आणि द्रावण स्वतःच्या हाताने बदलणार. "तो क्षण माझा आहे," असं म्हणत. आणि तो क्षण आला की सर कुठंतरी सत्काराला. संगीता त्यांना फोन लावायची. पलीकडून लाउडस्पीकर ऐकू यायचा आणि सर म्हणायचे, "आलोच. हात लावू नका." दोन दिवसांनी ते शाल हातावर टाकून यायचे, आणि तोवर डिशमध्ये गाजरगवत.

संगीता म्हणजे सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. शिक्रापूरची, म्हणून सरांच्या तोंडी 'शिक्रापूर'. वडलांचं हायवेलगत ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. ती कॉलेजात तासांवर शिकवायची आणि उरलेला वेळ लॅबमध्ये. पातळ आवाजाची, पण एकदा बोलली की बोलली. मी पहिला पदवीधर, ती तिच्या घरातली पहिली. आमचं त्यावर कधी बोलणं झालं नाही, पण ते दोघांनाही माहीत होतं.

डिश खराब झाल्या की सर दोघांना समोर उभं करत. एकदा माझ्याकडं बघून म्हणाले, "मेंढरांमागं फिरलेल्या घराण्याला निर्जंतुक काम जमायला एखादी पिढी जावी लागते."

मी म्हटलं, "सर, माझे हात धुतलेले आहेत. दार तुम्ही उघडलंत."

 ते हसून म्हणाले, "दौंडकडची माणसं तोंडाळच."

बस्स. तेवढंच. सर कुणावर डूख धरत नसत, असं गौरव अंकात लिहिलंय, ते खरं आहे. डूख धरायला समोरच्याला मोजावं लागतं.

संगीताचं काम अडलं ते इथं. तिचा सगळा प्रबंध त्या तंतूंवर होता. शेळीच्या पेशींचे तंतू झाले, तर पुढची मोजमापं. तंतूच नाहीत तर प्रबंधच नाही. आणि त्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. कॉलेजात कायम जागा निघणार होती ती पीएच.डी. असलेल्यालाच. घरी वडील म्हणत होते, शिक बाय अजून. बाकीचे सगळे म्हणत होते, किती शिकायचं.

सहामाही परीक्षा संपत आल्या तेव्हा सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथंच बिलं लावत बसलो होतो. सरांनी ड्रॉवरमधून एक जुना फोटो काढून तिच्यासमोर ठेवला. लांब लांब तंतू, एकाशेजारी एक. सुरेख फोटो होता.

"हा घाल प्रबंधात."

संगीताने तो उचलून उजेडाकडं धरला. "सर, हा कुणाचा आहे?"

"माझा. तिकडं असतानाचा."

"पण सर, माझ्या पेशींचे तंतू झालेले नाहीत."

"होतील की. आज ना उद्या होणारच आहेत. मग आजच फोटो लावला तर काय बिघडलं?"

"ह्या पेशी शेळीच्या आहेत?"

सरांनी ड्रॉवर बंद केला. "कोंबडीच्या पिल्लाच्या आहेत. शिक्रापूर, पाच-पंचवीस पानं चाळणाऱ्या परीक्षकाला कोंबडी काय आणि शेळी काय. त्याला जेवणात कोणती देतो एवढंच तो बघतो."

स्वतःच्याच विनोदावर ते हसले. संगीता हसली नाही. तिने फोटो टेबलावर उलटा ठेवला.

"मी नाही घालणार, सर."

"मग मी सही नाही करणार. फोटो नाही, तंतू नाहीत, सही कशावर करू? बापाला जाऊन विचार, तो काय म्हणतो."

"बापाला विचारलं तर तो पाना घेऊन येईल," ती म्हणाली आणि बाहेर पडली. तिची मान ताठ होती. व्हरांड्याच्या टोकाला गेल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी मागून गेलो.

"दादा," ती म्हणाली, "सुट्टीत लॅबची किल्ली तुमच्याकडंच असते ना?"

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज रिकामं असतं. सत्कार असतात, पण ते गावोगावी. लॅबमध्ये कुणी येत नाही, पेटी कुणाला दाखवायची नसते. अडचण एकच होती. गुरुवारी आमच्याकडं दुरुस्तीच्या नावाखाली दिवसभर लाईट जाते, आणि सुट्टीत कॉलेजचं जनरेटर लावायला माणूस नसतो. तिचे वडील टेम्पोत ट्रकच्या बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर घालून आले. ग्रीस लागलेले हात मागे धरून पेटीकडं लांबूनच बघत होते.

"बाय, ह्यो डबा बंद पडला तर काय व्हतं?"

"माझं वाटोळं होतं, आप्पा."

"मंग न्हाई पडत." एवढं बोलून ते खाली बसले आणि वायरी सोलायला लागले.

मी यवतहून तुकडा आणला. संगीताने पेशी काढल्या, डिशमध्ये सोडल्या. पेटीचं दार तिच्याशिवाय कुणी उघडलं नाही. मी सुद्धा नाही. एका सकाळी तिने डिश मायक्रोस्कोपखाली धरली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "उद्यापर्यंत थांबायचं नाही. आज." सवयीने तिचा हात फोनकडं गेला. मग तिने फोन पर्समध्ये टाकला आणि खाणं काढून घेतलं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशी रांगेत यायला लागल्या. शाळेची पोरं ओळीत उभी राहताना जशी इकडं-तिकडं सरकतात, तशा. मग त्यांच्यामधल्या सीमा दिसेनाशा झाल्या. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तिने मला बोट दाखवून बोलावलं. मी डोळा लावला. एक लांब तंतू होता, आणि तो हलत होता. आखडायचा, सैल व्हायचा. जरा थांबायचा, पुन्हा आखडायचा.

"फटाक्याने टेबल हललं असेल," ती म्हणाली. बाहेर वसाहतीतली पोरं सुतळी बॉम्ब लावत होती. आम्ही टेबलाला हात न लावता उभे राहिलो. फटाके थांबले. तंतू थांबला नाही.

ती स्टुलावर बसली. रडली-बिडली नाही. डब्यातली शंकरपाळी काढून मला दिली आणि स्वतःही खाल्ली. लॅबमध्ये खायचं नसतं, म्हणून आम्ही दोघे दाराबाहेर जाऊन खाल्ली. चांगला फोटो दोन दिवसांनी तंतू नीट भरल्यावर घ्यायचा, असं ठरलं.

दोन दिवसांनी, भाऊबिजेला, ती कॅमेरा जोडत होती आणि सर आले. सुट्टीत, पांढऱ्या कोटात. वॉचमनने सांगितलं असणार. लॅब उघडी बघून आधी चिडले, किल्ली कुणाच्या परवानगीने, असं सुरू केलं.  संगीता फक्त मायक्रोस्कोपपासून बाजूला झाली.

सर वाकले. या वेळी दिवा चालू होता.

ते किती वेळ बघत होते मला सांगता येणार नाही. उजवा हात आपोआप फोकसच्या चाकावर गेला आणि केसभर फिरला, पुन्हा मागे आला. डिश न हलवता त्यांनी बघण्याची जागा सरकवली. तोंडातून 'हं' एवढाच आवाज. मग, वर न बघता, एकदम वेगळ्या आवाजात विचारलं, "खाणं कधी काढलंस?"

तिने दिवस सांगितला.

"डिश किती भरली होती?"

तिने सांगितलं.

"एक दिवस उशीर वाटतो..." ते थांबले. पुन्हा बघितलं. "नाही. बरोबर आहे. शेळीला एवढं लागतं. कोंबडीला एवढं लागत नाही." आणि मग त्यांनी तिला तीन-चार गोष्टी सांगितल्या. द्रावणात कॅल्शियम किती ठेवायचं, फोटो घेताना डिश गार पडू नये म्हणून काय करायचं, कोणता तंतू खरा आणि कोणता दोन तंतू एकमेकांवर पडून झालेला भास. सगळं नेमकं. इतक्या वर्षांत त्यांनी यातलं एक अक्षर आम्हाला सांगितलं नव्हतं.

तोवर मला वाटत होतं, यांना हे येत नाही. न येणाऱ्या माणसाचा मला राग नाही. आमच्या घरात कुणालाच काही येत नव्हतं. ज्याला येत नाही तो चाचपडतो, चुकतो, त्यात लाज कसली. पण या माणसाला सगळं येत होतं. दार उघडलं की काय होतं हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पेशी कुठल्या दिवशी उपाशी ठेवायच्या हे त्यांना झोपेत सांगता आलं असतं. आणि तरी ते शाल घ्यायला गेले, परत येऊन आमच्या हातांना नावं ठेवली. शिक्षणाची एवढी नासाडी मी दुसरी बघितलेली नाही. ज्या गोष्टीसाठी माझ्या बापाने मेंढरं विकली, ती या माणसाने पाहुण्यांच्या करमणुकीला लावली होती. त्यांच्याविषयी जो थोडा आदर शिल्लक होता तो 'बरोबर आहे' या शब्दांनी संपवला.

सर उठले. चेहऱ्यावरचं ते वेगळं काहीतरी अजून पुरतं गेलं नव्हतं. पण हात खिशातल्या फोनकडं गेला होता.

"चेअरमनसाहेब खाली गाडीत आहेत. जावई आलेत त्यांचे, पुण्याहून. दोन मिनिटं दाखवून टाकतो."

"सर, नाही," संगीता म्हणाली.

"अगं, दोन मिनिटं."

"फोटो व्हायचे आहेत. मुदत पुढच्या आठवड्यात आहे. माणसं आत आली आणि डिश गेली, तर परत करायला वेळ नाही."

"लॅब कुणाची आहे, शिक्रापूर?"

"लॅब तुमची. डिश माझी आहे. आणि माझं नाव संगीता."

सर हसले. ही गंमत चालली आहे असं त्यांना खरंच वाटलं असावं. "आलोच," म्हणाले आणि पाहुण्यांना आणायला खाली गेले. त्यांची पावलं जिन्यावर वाजेनाशी झाल्यावर संगीताने आतून कडी घातली आणि मायक्रोस्कोपवर जाऊन बसली. कॅमेऱ्याची राहिलेली जोडणी पुरी केली आणि काम सुरू केलं.

प्रबंध मुदतीत गेला. सरांनी सही केली. तसे फोटो समोर असताना न करून सांगणार कुणाला? पुढं छापून आलेल्या शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचं आहे, तेही त्यांनी आधी ठरवून घेतलं. संगीता आता दुसऱ्या तालुक्यात कायम आहे आणि तिच्या लॅबच्या दाराला बाहेरून मूठच नाही. मीही लवकरच तिथून निघालो. त्यानंतर सर मला दोन-चार समारंभांत लांबून दिसले असतील, पण ते मी धरत नाही. माझ्या लेखी मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या भाऊबिजेच्या दिवशी.

ते पाहुण्यांना घेऊन वर आले. दारावरची मूठ फिरवली. पुन्हा फिरवली. दाराला वरच्या अर्ध्यात काच आहे. तिच्यातून त्यांनी आधी कडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी जागचा हललो नाही. चेअरमन, त्यांचे जावई आणि बरोबरचे दोघे-तिघे चपला काढून उभे होते. सरांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग ते पाहुण्यांकडं वळले आणि बोलायला लागले. आत हवा गाळणारा पंखा चालू होता, त्यामुळं शब्द ऐकू येत नव्हते. नियम म्हणजे नियम, आत निर्जंतुक काम चालू आहे, असंच काही सांगत असणार.

मग त्यांनी दोन्ही हात काचेसमोर धरले. बोटं आधी सुटी, एकमेकांपासून लांब. हळूहळू जवळ आणली, शेजारी शेजारी लावली. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली, आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. अगदी तंतूच्या लयीत. चेअरमन फोनवर बोलत होते. जावई तेवढा बघत होता.

"सर काय करतायत?" मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता संगीताने विचारलं.

"शिकवतायत," मी म्हटलं.

तिने वर बघितलं नाही. कॅमेऱ्याचं बटण दाबलं.